सायलेन्सरचे तोंड : एका जोडकामातील शब्दव्यवस्था

जालन्याहून जिंतूरमार्गे नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर मंठा हे तालुक्याचे गाव लागते. शेगावहून लोणार, मंठा, परतूर या मार्गाने पंढरपूरकडे जाणारा महामार्गही याच गावातून जातो. दोन वाहत्या रस्त्यांवरील बाजारपेठेचे गाव म्हटले की तेथे कापूस, सोयाबीन, भाजीपाला आणि शेळ्यामेंढ्या वाहणाऱ्या पिकअप गाड्या आल्या. आणि त्या गाड्यांबरोबर रस्त्याच्या कडेची गॅरेजे, वेल्डिंगची दुकाने आणि पत्र्याचे काम करणारे कारागीर आले. अशा दुकानात होणाऱ्या एका लहानशा कामाचा विचार येथे करावयाचा आहे. गाडीचा धूर बाहेर सोडणारी नळी मागील बंपरच्या खालून काढून न देता बंपरलाच भोक पाडून त्यातून बाहेर आणावयाची व तिच्या टोकाला मोठे, चकचकीत, मालकाच्या पसंतीचे तोंड बसवावयाचे, असे ते काम. त्याचा उपयोग बव्हंशी शोभेचा आहे. टोकाला बसविलेल्या तोंडाने एंजिनाची शक्ती वाढत नाही, आणि आवाजातही फारसा फरक पडत नाही. आवाज कमी करण्याचे कार्य नळीच्या मध्यभागी असलेल्या पेटीचे असते. तथापि भाषाभ्यासकाच्या दृष्टीने हे काम बोधप्रद आहे. त्यात एका चुकीच्या शब्दाने चुकीचा भाग कापला जाऊ शकतो, आणि योग्य शब्द कोठून येतो हे पाहू गेल्यास तो परिभाषाकोशातील नामांकडून न येता कारागिराच्या क्रियापदांकडून येतो, असे आढळते.

प्रथम नामांचा विचार करू. पिकअप गाडीच्या भागांची मराठी नावे तपासली तर त्यांत निरनिराळ्या काळांचे थर स्पष्ट दिसतात. माल भरावयाच्या भागास 'हौदा' म्हणतात व त्याच्या मागील उघडझाप होणाऱ्या फळीस 'फाळका'. हौदा हा शब्द मुळात हत्तीच्या पाठीवरील आसनाचा. अरबीतून फारसीच्या द्वारे तो आला. ट्रकच्या संदर्भात त्यास जो उघड्या, खोलगट भांड्याचा अर्थ चिकटला आहे, त्यामागे पाण्याच्या 'हौदा'चे ध्वनिसाम्य असावे असा तर्क करता येतो. चाकाच्या वरच्या पोलादी कमानी 'पाटे' होत. बोल्टच्या नटाला जुनी माणसे 'चाकी' म्हणतात, व त्यावरील चक्राकार खाचांना 'आटे'. या थरावर इंग्रजांच्या काळातील थर चढला : बोनेट, डिकी, मडगार्ड, सायलेन्सर, स्टेपनी. यांपैकी स्टेपनी हे तर वेल्समधील लनेथ्ली या गावच्या एका रस्त्याचे नाव. १९०४ च्या सुमारास तेथे तयार होऊ लागलेल्या जादा चाकाबरोबर ते जगभर गेले. इंग्लंडात ते विसरले गेले, पण भारतात टिकले. सायलेन्सर हाही ब्रिटिश इंग्रजीतील शब्द आहे. अमेरिकेत त्याच पेटीला 'मफलर' म्हणतात, आणि मराठीत मफलर गळ्याभोवतीच राहिला. सर्वांत वरचा थर अमेरिकन धाटणीचा आहे : स्वतः 'पिकअप' आणि नळीच्या शोभेच्या टोकासाठी अलीकडे ऐकू येणारा 'टिप'.

एखादा शब्द कोणत्या थरातला आहे हे ओळखण्याची एक व्याकरणिक कसोटी उपलब्ध आहे. ती म्हणजे सामान्यरूप. हौदा – हौद्यात, पाटा – पाट्यावर, फाळका – फाळक्याला : येथे प्रत्यय लागण्यापूर्वी शब्द मराठीच्या नियमाने बदलतो. बंपर मात्र 'बंपरमधून', 'बंपरला' असा अविकृत राहतो. क्वचित 'बंपरातून' असे रूप ऐकू येते, जसे 'टेबलावर' आणि 'टेबलवर' ही दोन्ही चालतात. लिंगाच्या बाबतीतही असेच आहे. 'पाईप' पुल्लिंगी झाला तो 'नळ' या शब्दाच्या आधाराने असावा. 'गाडी' या शब्दाच्या आधाराने 'पिकअप' स्त्रीलिंगी झाली. 'टिप' हा शब्द अद्याप नीट रुळलेला नाही. मराठीत 'टीप' पूर्वीपासून आहे, ती पुस्तकाच्या तळाशी असते किंवा शिंप्याच्या यंत्राखाली. त्यामुळे 'सायलेन्सरची टिप' हे ऐकणाऱ्यास थोडे अडखळावयास लावते. 'सायलेन्सरचे तोंड' ऐकणाऱ्यास कोणी अडखळत नाही. भांड्याला, पोत्याला, विहिरीला, बोगद्याला तोंड असते, तसे नळीलाही. शरीरावयवांची नावे वस्तूंना लावण्याची ही रीत मराठीत जुनी असून वेल्डिंगच्या दुकानात ती आजही चालू आहे : बोल्ट अडकविण्यासाठी पट्टीला काढलेला भाग हा 'कान' होय. (बंपरचा मराठीतील आणखी एक संसार येथे नमूद करावयास हरकत नाही. 'बंपर पीक' या प्रयोगातील बंपर हा काठोकाठ भरलेल्या प्याल्याचा वाचक असलेला इंग्रजी शब्द आहे. गाडीच्या बंपरशी त्याचा अर्थाने संबंध नाही. मराठी बोलणाऱ्याच्या मनात मात्र दोन्ही एकच.)

खरी अडचण 'सायलेन्सर' या शब्दातच आहे. ब्रिटिश इंग्रजीत हा शब्द केवळ आवाज शोषणाऱ्या पेटीचा वाचक आहे. मराठीत त्याचा अर्थविस्तार होऊन एंजिनापासून मागच्या टोकापर्यंतच्या संपूर्ण मार्गाला सायलेन्सर म्हटले जाते. 'सायलेन्सर तापला', 'सायलेन्सर फुटला', 'सायलेन्सरमधून धूर येतो' या तीन वाक्यांत तीन निराळे भाग अभिप्रेत असू शकतात. १ एप्रिल २०२० पासून भारतात नव्या वाहनांना भारत स्टेज ६ हे धूरविषयक मानक लागू झाले. तेव्हापासून डिझेल पिकअपच्या या मार्गावर धुरावर रासायनिक क्रिया करणारी पेटी आणि काजळी अडविणारी गाळणीही आली. लोकभाषेत तिचाही समावेश सायलेन्सरमध्येच झाला आहे. म्हणजे शब्द तोच राहिला, आणि त्याखालच्या वस्तू वाढत गेल्या.

आता क्रियापदांकडे वळू. गाडीमालक गॅरेजमध्ये येऊन म्हणतो, 'सायलेन्सर मागच्या बंपरमधून काढायचा आहे.' मराठीतील 'काढणे' हे क्रियापद दोन विरुद्ध दिशांचे काम करते : असलेली वस्तू दूर करणे, आणि आतली वस्तू बाहेर आणणे. दात काढतात तेव्हा तो जातो. चित्र काढतात तेव्हा ते येते. 'बंपरमधून' हे शब्दयोगी अव्यय वाक्यात असेपर्यंत अर्थ निश्चित राहतो. ते गळून नुसते 'सायलेन्सर काढायचा आहे' एवढेच उरले, तर ऐकणारा पेटी उतरवू लागेल. त्याहून घातक वाक्य 'सायलेन्सर कापा' हे होय. या कामात काहीतरी कापावे लागतेच. पण कापावयाचे ते मागच्या चाकाच्या पलीकडील शेवटचे वीत-दीड वीत नळीचे टोक. पेटी किंवा गाळणी कापली तर आवाज व विषारी धूर दोन्ही मोकळे सुटतात आणि वाहन कायद्याच्या बाहेर जाते. अनुभवी कारागीर म्हणूनच नामावर विसंबत नाही. तो खडूने खूण करून 'इथून कापू?' असे विचारतो. स्थलवाचक क्रियाविशेषणाने आणि बोटाने तो नामाची संदिग्धता दूर करतो. लेखी भाषेला बोट नाही. तिला 'शेवटच्या टांगणीच्या मागे' यासारखी शब्दांची बोटे तयार करावी लागतात.

खूण कोठे करावयाची, हा या कामातील पहिला गंभीर प्रश्न आहे. सायलेन्सर गाडीच्या सांगाड्याला रबरी टांगण्यांनी टांगलेला असतो आणि बंपर त्याच सांगाड्याला बोल्टने आवळलेला असतो. तेव्हा हौद्यात माल भरला म्हणून या दोहोंतील अंतर बदलत नाही. बदलते ते मागच्या आसाचे. पाटे दबले की सांगाडा खाली येतो, आणि आसाच्या वरून गेलेल्या नळीला आस खालून येऊन भिडू शकतो. गाडी जॅकवर उचलून सांगाडा अधांतरी धरला असता आस खाली लोंबतो व नळीखाली भरपूर जागा असल्याचा भास होतो. म्हणून मापे घ्यावयाची ती चाके जमिनीवर असतानाच, आणि पाटे पूर्ण दबतील तेव्हाची जागा सोडून. पुठ्ठ्याचा गोल फर्मा कापून तो बंपरवर धरतात, मागून नळीचा मध्य जुळवितात, मध्यावर पंच मारतात व मग भोक पाडतात. 'मारणे' आणि 'पाडणे' यांतील हा विवेक लक्षणीय आहे. पंच, टाका, रंग हे 'मारले' जातात, म्हणजे वस्तूवर बाहेरून काहीतरी येऊन पडते. भोक 'पाडले' जाते, कारण वस्तूतून काहीतरी निघून जाते. गोल भोक पाडणारी करवत असेल तर एका दमात काम होते. नसेल तर परिघावर लहान लहान भोके पाडून मधला पत्रा छिन्नीने तोडावा लागतो आणि कड कानशीने घासून काढावी लागते. कापलेली कड उघडी राहिली की ती प्रथम गंजते. म्हणून रंग त्याच वेळी मारणे इष्ट.

भोक किती मोठे असावे? येथे गावच्या लोहाराची विद्या आठवल्याशिवाय राहत नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार ती चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान करतो, शेणकुटांच्या जाळात तापवितो, प्रसरण पावलेली धाव चाकावर चढवितो आणि वरून पाणी ओततो. लोखंड दर अंश सेल्सिअसला स्वतःच्या लांबीच्या दहा लाखांश १२ भाग वाढते. सुमारे १·४ मीटर व्यासाच्या चाकाची धाव ४·४ मीटर लांबीची. ती ५०० अंशांनी तापविली तर सुमारे २६ मिलिमीटर वाढते. निवताना ती वाढ परत जाते आणि चाक आवळले जाते. लोहार प्रसरणाला कामास लावतो. सायलेन्सरच्या कामात तेच प्रसरण वाट मागते. एंजिनापासून मागच्या टोकापर्यंतची नळी तीन मीटर धरली व तिचे सरासरी तापमान २५० अंशांनी वाढले, तर ती ९ मिलिमीटर लांबते. गंज न चढणाऱ्या पोलादाची असेल तर सुमारे १३ मिलिमीटर. नळी बंपरमधून सरळ जात असेल तर ही वाढ निरुपद्रवी असते, टोक थोडे अधिक बाहेर येते इतकेच. परंतु तोंडाला शोभेसाठी रुंद ओठ असेल आणि तो बंपरच्या आतल्या अंगास असेल, किंवा टोकाजवळ वाक असेल, तर हीच वाढ बंपरवर दाब देते. शिवाय एंजिन रबरी आधारांवर बसलेले असते. सुरू होताना व बंद होताना ते हिसका देते, आणि तो हिसका नळीच्या शेपटापर्यंत पोचतो. म्हणून तीन इंच, म्हणजे ७६ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या तोंडासाठी भोक सभोवार सुमारे १५ मिलिमीटर मोकळे, म्हणजे १०६ मिलिमीटर व्यासाचे ठेवणे युक्त होय. बंपर प्लॅस्टिकचा असेल तर अधिक. अशा बंपरांत वापरले जाणारे पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंशांना वितळते, व त्यापूर्वीच मऊ पडते. आणि काजळीची गाळणी स्वतःला जाळून स्वच्छ करते तेव्हा तिच्या आत ६०० अंशांपर्यंत तापमान जाते, त्यामुळे त्या वेळी बाहेर पडणारा वायूही नेहमीपेक्षा तप्त असतो.

मालकाला ही मोकळी फट सहसा रुचत नाही. त्याची अपेक्षा तोंड बंपरमध्ये 'बसावे' अशी असते, आणि 'बसणे' या क्रियापदात घट्टपणाची छटा आहे : टोपी बसते, दार चौकटीत बसते, मनात गोष्ट बसते. कारागीर मात्र तोंड नळीवर 'बसवितो' आणि बंपरमधून नुसते 'काढतो'. ग्राहक व कारागीर यांच्यातील तंट्याचे मूळ पुष्कळदा या एका क्रियापदात असते. ते बसते, पण कोठे, हे सांगितले गेले नाही, की घरी गेल्यावर भोक मोठे झाल्याची तक्रार येते, किंवा भोक लहान ठेवले गेल्यास पंधरा दिवसांनी खडखड ऐकू येते.

ही खडखड ओळखण्याची भाषा मराठीत विलक्षण नेमकी आहे. सायलेन्सर 'टेकतो', 'लागतो', 'घासतो' किंवा 'आदळतो'. टेकतो म्हणजे वजन दुसऱ्या वस्तूवर आले : टांगणीचे रबर गेले असून नळी भोकाच्या खालच्या कडेवर विसावली आहे. लागतो म्हणजे एरवी अंतर आहे, पण एंजिन हलले की स्पर्श होतो : भोकाचा मध्य चुकला आहे. घासतो म्हणजे स्पर्श सतत असून त्यात गती आहे, आणि तेथे रंग उडून चकाकी दिसेल. आदळतो म्हणजे अंतर मोठे असून खड्ड्यात आस वर येतो तेव्हाच धडक बसते : दोष बंपरजवळ नसून पुढे आसापाशी आहे. ग्राहकाने यांपैकी योग्य क्रियापद वापरले तर निम्मे निदान गाडीखाली न जाता होते. कोणत्याही परिभाषाकोशात या चार क्रियापदांना चार स्वतंत्र नोंदी मिळावयाच्या नाहीत, कारण कोशकाराचे लक्ष नामांवर असते.

जोडणीची क्रियापदेही अशीच बारकाईची आहेत. तोंड नळीवर 'चढवावे', नळीत 'घालू' नये. कारण वायूचा प्रवाह मागे जातो, आणि नळी तोंडाच्या आत असेल तर सांध्याशी प्रवाहाला अडखळ राहत नाही. चढविल्यावर प्रथम तीन-चार ठिकाणी टाका मारतात. टाका हा शिवणकामातला शब्द. इंग्रजी 'टॅक' शी त्याचे ध्वनिसाम्य योगायोगाचे असले तरी दोन्ही भाषांतील कारागिरांची कल्पना एकच आहे, की पक्की शिवण घालण्यापूर्वी कच्ची घालून पाहावी. टाक्यांवर गाडी सुरू करून, एंजिनाची गती वाढवून-उतरवून तोंड भोकात सारखे राहते की नाही हे पाहतात व मगच सांधा पुरा करतात. विद्युत्-वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी सोडणे आजच्या गाड्यांत अगत्याचे आहे, अन्यथा एंजिनावर नियंत्रण ठेवणारा इलेक्ट्रॉनिक भाग निकामी होऊ शकतो. जस्ताचा मुलामा दिलेली पाण्याची नळी स्वस्त म्हणून वापरू नये. वितळलेल्या जस्ताचा धूर वेल्डरला ताप आणतो. तोंड जड असेल तर शेवटची टांगणी त्याच्या जवळ घ्यावी लागते, नाहीतर कंपनांनी सांध्याजवळ तडा जातो.

तोंड बंपरच्या बाहेर थोडे आलेच पाहिजे, ही अट मात्र शोभेची नाही. ते आत राहिले तर वायू बंपर आणि हौद्याचा तळ यांच्यामध्ये कोंडतो. धावत्या वाहनाच्या पाठीशी हवेचा दाब किंचित कमी होत असल्याने मागे सोडलेला धूरही काही अंशी वाहनाकडेच ओढला जातो. हौद्यात माणसे बसविणे हे मालवाहू वाहनाच्या परवान्याशी विसंगत आहे. परंतु लग्नाची वऱ्हाडे आणि शेतमजूर पिकअपमधून जातात, मंठा-परतूरच्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे बिऱ्हाडही मिळेल त्या वाहनाने हलते, आणि थंडीत ताडपत्री ओढून घेतली जाते. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डिझेलच्या धुरात त्याचे प्रमाण पेट्रोलच्या धुरापेक्षा कमी असते हे खरे. पण नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काजळी असतात, आणि ताडपत्रीखालच्या तान्ह्या मुलाला ती पुरेशी आहेत. बंपरच्या बाहेर दोन बोटे आलेले तोंड आणि आत राहिलेले तोंड यांत हा फरक आहे.

कायद्याची भाषा या बाबतीत पाहण्यासारखी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ११२ धुराच्या दिशेविषयी बोलतो : धूर खाली किंवा वाहनाच्या डाव्या बाजूस सोडता कामा नये, तो मागे किंवा उजवीकडे जावा. डावीकडे पादचारी असतात, त्यामुळे या नियमाचा हेतू उघड आहे. नियम ११३ नुसार धुराची नळी इंधननलिकेपासून ३५ मिलिमीटरच्या आत असू नये. नळीला नवा वाक देणाऱ्याने ही दोन मापे आधी पाहिली पाहिजेत. सायलेन्सरची आवश्यकता नियम १२० मध्ये आहे, आणि नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ प्रतिबंध करते. नियम ११२ आणि ११३ यांचा भर वस्तूच्या वर्णनावर नसून दिशेवर आणि अंतरावर आहे. म्हणजे कायदाही येथे कारागिराप्रमाणेच 'कोठून', 'कोणीकडे' आणि 'किती दूर' हे प्रश्न विचारतो.

परिभाषा घडविणाऱ्यांनी मात्र प्रायः 'काय' हा एकच प्रश्न विचारला. मराठवाड्याने हे दोनदा अनुभवले आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथे १९१८ साली उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाले, व त्याच्या आदल्या वर्षी स्थापन झालेल्या अनुवाद-संस्थेने विज्ञान व अभियांत्रिकीच्या संज्ञा अरबी-फारसी धातूंपासून घडविल्या. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय आले आणि संस्कृत धातूंपासून नव्या संज्ञा घडल्या. 'निष्कास' हा शब्द पाठ्यपुस्तकांत व कोशांत रुजला तो या परंपरेतून. दोन्ही प्रयत्न विद्वत्तेच्या दृष्टीने आदरास पात्र आहेत, आणि 'निष्कास' हा शब्द तर 'सायलेन्सर'पेक्षा अधिक नेमका आहे, हे मान्य केले पाहिजे : तो संपूर्ण मार्गाचा वाचक आहे, पेटीचा नाही. पण गॅरेजमध्ये उस्ताद आणि त्याच्या हाताखालचा मुलगा ज्या मिश्र दखनी-मराठीत बोलतात तिच्यात दोन्हींपैकी एकही परिभाषा उतरली नाही. नावे इंग्रजी राहिली, क्रिया देशी राहिल्या. पाठ्यपुस्तकातील 'निष्कासनलिकेचे संयोजन करावे' या वाक्यात नाम शुद्ध आहे, परंतु 'संयोजन' म्हणजे टांगावे, आवळावे, चढवावे की झाळावे, हे त्यावरून कळत नाही. आणि टांगावयाची वस्तू आवळली तर ती तडकते.

तांत्रिक मराठीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने एखाद्या कामाची शब्दसूची करताना नामांचा रकाना बाजूस ठेवून प्रथम क्रियापदे त्यांच्या शब्दयोगी अव्ययांसह नोंदवावीत : 'ला टांगणे', 'वर चढवणे', 'मधून काढणे', 'शी आवळणे', 'पासून अंतर राखणे'. प्रस्तुत कामापुरती अशी सूची वीस-पंचवीस नोंदींच्या पलीकडे जात नाही. तिच्यात 'काढणे' दोनदा येईल, आणि दोन्ही नोंदींत अव्यय लिहिलेले असले पाहिजे. गॅरेजच्या पावतीवर बहुधा 'सायलेन्सर काम' एवढेच लिहिलेले असते. टोक कापले की गाळणी, हे त्यावरून पुढच्या कारागिराला कळत नाही, व त्याला पुन्हा गाडीखाली जावे लागते.